स्मृतिभ्रंश : घराच्या भिंतीआड राहिलेला सार्वजनिक प्रश्न

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या समाजात इतकी रुजली आहे की, वृद्धापकाळी स्मरणशक्ती ढळणे हा निसर्गक्रमच होय, असे आपण मानून चालतो. या समजुतीमुळे एक गंभीर आजार वर्षानुवर्षे निदानावाचून राहतो. तो आजार म्हणजे स्मृतिभ्रंश. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘अल्झायमर’ या नावाने ओळखला जातो. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. या आजारात मेंदूमध्ये विशिष्ट प्रथिनांचे साठे जमतात व मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात.

प्रश्नाची व्याप्ती

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून जास्त, सुमारे दहा टक्के होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीनुसार, साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. हा केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. नेहमीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे, सकाळ-संध्याकाळचे भान सुटणे, स्वभावात अकस्मात पालट होणे ही त्याची लक्षणे होत. निरक्षर व्यक्तींची पारख कशी करावी, ही अडचण पूर्वी मोठी होती. हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात त्यासाठी लेखन-वाचनावर न विसंबणारी प्रश्नावली तयार करण्यात आली. आता दिवसाचा कोणता प्रहर आहे, या गावाचे नाव काय, अशा साध्या प्रश्नांतून प्राथमिक अंदाज घेता येतो. अंतिम निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे असते. थायरॉइडचे विकार, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही विस्मरण होते, आणि ते पुष्कळदा उपचारांनी बरे होते. म्हणूनच वेळीच तपासणी आवश्यक ठरते.

शासकीय उपाययोजना

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धोपचार कक्ष व प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी अभिप्रेत आहे. २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचा लाभ सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता लागू झाला. त्याच वर्षी राज्य शासनाने मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र आदी साधनांसाठी तीन हजार रुपयांचे साहाय्य देण्याचे ठरविले. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही दूरध्वनी सेवा आहे.

या तरतुदींचे मोल मोठे असले, तरी एक गोष्ट स्पष्टपणे लक्षात घ्यावयास हवी. विम्याचे संरक्षण रुग्णालयातील उपचारांना मिळते. स्मृतिभ्रंशाचा खरा भार मात्र घरातच पडतो. आजार समूळ बरा करणारे औषध आजमितीस नाही. रुग्णाला जेवू घालणे, स्नान घालणे, रात्री उठून बाहेर निघालेल्यास परत आणणे हे काम वर्षानुवर्षे चालते. बहुतेक घरांत ते पत्नी, सून वा मुलगीच करते. त्यासाठी तिची मजुरी बुडते, तिची स्वतःची प्रकृती ढासळते. पण कोणत्याही हिशेबात हा खर्च धरला जात नाही.

गावपातळीवरील कर्तव्य

या ठिकाणी स्थानिक कार्यकर्त्यांची भूमिका महत्त्वाची ठरते. ग्रामपंचायत सदस्यांनी आशा सेविकांच्या साहाय्याने अशा घरांची माहिती घेऊन रुग्णास साप्ताहिक तपासणीस पाठवावे. वाट चुकण्याची शक्यता असलेल्या वृद्धाची कल्पना शेजाऱ्यांना व पोलीस पाटलांना द्यावी. विस्मरण झालेल्या व्यक्तीचा अंगठा घेऊन जमिनीचे व्यवहार उरकले जात असतील, तर गावाने डोळेझाक करू नये. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून घेऊन नंतर हेळसांड केल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमानुसार ते हस्तांतरण रद्द ठरविता येते. त्यासाठी उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

प्रतिबंधाचे कार्यही येथूनच सुरू होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली या आजाराची शक्यता वाढविणारी, परंतु बदलता येण्याजोगी चौदा कारणे नमूद केली. त्यांत अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, तसेच उपचारावाचून राहिलेला बहिरेपणा व दृष्टिदोष यांचा समावेश आहे. म्हणजेच, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलीला वर्गात टिकवून ठेवणारा शिक्षक तिच्या वार्धक्याचीही तरतूद करीत असतो. आणि आजीला वेळेवर चष्मा मिळवून देणारा ग्रामसेवक तिच्या दृष्टीबरोबरच स्मृतीचीही काळजी घेत असतो.

दरवर्षी २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने प्रत्येक ग्रामसभेत या आजाराची माहिती दिली जावी आणि रुग्ण सांभाळणाऱ्या कुटुंबांची विचारपूस व्हावी. त्यांचे ओझे गावाने वाटून घेतले, तरच शासनाच्या योजना त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतील.