विमान कोठे आहे?

आगगाडी रुळांवरून धावते. तिला वाट चुकण्याचे भय नसते. मोटारीच्या चालकास मैलाचे दगड आणि गावांच्या पाट्या दिसतात. विमानालाही आकाशात ठरलेली वाट असते, परंतु ती डोळ्यांना दिसत नाही. जमिनीवरून उडताना रडार त्याच्यावर लक्ष ठेवते. रडारच्या पडद्यावर विमान ठिपक्याच्या रूपाने उमटते आणि ते भरकटू लागले की नियंत्रक त्याला सावध करतो. पण रडारच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर गेलेले विमान क्षितिजाआड होते व पडद्यावरून नाहीसे होते.

मग ते कोठे आहे, हे नियंत्रकाला कसे कळावे? विमानानेच ते सांगावे, अशी रीत पूर्वीपासून पडली आहे. समुद्रावरील हवाईमार्गांवर अक्षांश-रेखांशांनी काही बिंदू ठरवून दिलेले असतात. असा बिंदू ओलांडला की वैमानिक रेडिओवरून कळवतो : अमुक बिंदू अमुक वेळी ओलांडला, उंची इतकी, पुढील बिंदूवर अमुक वेळी पोहोचू. यास स्थाननिवेदन म्हणतात. अरबी समुद्रावरील विमानांची निवेदने मुंबईचे नियंत्रण केंद्र घेते. निवेदने नोंदवून नियंत्रक दोन विमानांत पुरेसे अंतर राखतो.

या पद्धतीत एक उणीव आहे. आपण जेथे आहोत असे वैमानिकाला वाटते, तेवढेच नियंत्रकाला कळते. वैमानिकाची समजूत चुकली, तर निवेदनही चुकते. आणि वेळेवर, स्पष्ट आवाजात दिलेले चुकीचे निवेदन अगदी खऱ्यासारखेच ऐकू येते. या उणिवेची भयंकर किंमत १९८३ साली जगाने पाहिली.

त्या वर्षी ३१ ऑगस्टला कोरियन एअर लाइन्सचे एक प्रवासी विमान अलास्कातील अँकोरेज येथून दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे जाण्यास निघाले. त्यात २६९ माणसे होती. त्याचा मार्ग उत्तर पॅसिफिक महासागरावरून, सोव्हिएत संघाच्या कामचाट्का द्वीपकल्पाला बाजूला ठेवून जात होता. विमानात आपले स्थान आपणच मोजणारी यंत्रे होती. निघताना त्यांना मार्गातील बिंदूंचे अक्षांश-रेखांश सांगितले की ती विमानाच्या प्रत्येक हालचालीचा हिशेब ठेवीत आणि स्वयंचलित सुकाणूला वाट दाखवीत. मात्र हे सुकाणू दोन धन्यांचे ऐकू शके. एक या यंत्रांचे. दुसरे होकायंत्राच्या ठरावीक दिशेचे. कोणाचे ऐकायचे, ते वैमानिक एक कळ फिरवून ठरवीत असे.

पुढे आंतरराष्ट्रीय चौकशीत असा निष्कर्ष निघाला, की ते सुकाणू होकायंत्राच्याच दिशेवर राहिले आणि हे कोणाच्या ध्यानात आले नाही. एका खुंटीला बांधलेल्या दोन दोऱ्या किंचित वेगळ्या दिशांना ताणाव्यात, तसे खरा मार्ग आणि विमानाची वाट यांतील अंतर वाढत गेले. बेथेल या गावापाशी विमान मार्गाच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटर होते. पुढे ते कामचाट्कावरूनच गेले. तरीही वैमानिक प्रत्येक बिंदूचे निवेदन नेमाने देत होते. त्यात लबाडी नव्हती. विमान एखाद्या बिंदूच्या बाजूने, बऱ्याच दुरून, पुढे गेले तरी बिंदू पार झाल्याची खूण यंत्र देई आणि त्या खुणेवर त्यांनी विश्वास ठेवला. यंत्रे बिघडलेली नव्हती. विमानाचे खरे अक्षांश-रेखांश त्यांच्यापाशी होते. पण ते वाचून नकाशाशी ताडून पाहण्याचे राहून गेले.

चूक उघड करणारे इशारे मिळालेही होते. मार्गावरील रेडिओ केंद्राशी विमानाचा थेट संपर्क होईना. तेव्हा मागून येणाऱ्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानाने त्याची निवेदने पुढे पोहोचवली. नंतर दोन्ही वैमानिकांत गप्पा झाल्या. मागच्याला पाठीमागून जोराचा वारा मिळत होता, तर पुढच्याला तो समोरून लागत होता. एकाच वाटेने थोड्या वेळाच्या अंतराने जाणाऱ्या दोघांचे वारे असे उलटे कसे, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा गंभीरपणे कोणी विचारला नाही.

उड्डाणानंतर सुमारे साडेपाच तासांनी सखालीन बेटाजवळ सोव्हिएत लढाऊ विमानाने क्षेपणास्त्रे सोडून ते विमान पाडले. कोणीही वाचले नाही. तेव्हा ते आपल्या मार्गापासून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. वाट चुकलेल्या प्रवाशांवर शस्त्र उचलण्याच्या या कृत्याने जग हळहळले. प्रवासी विमानांवर शस्त्र चालवू नये, असे कलम १९८४ साली आंतरराष्ट्रीय करारात घालण्याचे ठरले. तसेच उपग्रहांद्वारे स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा, जी अमेरिका आपल्या सैन्यासाठी उभारीत होती, ती पूर्ण झाल्यावर सर्वांना खुली करण्याची घोषणाही या घटनेनंतरच झाली.

चुका तेवढ्याने थांबल्या नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. यंत्रात एक आकडा चुकीचा पडला तरी विमान शेजारच्या मार्गावर जाऊ शकते. ८ जुलै १९८७ रोजी उत्तर अटलांटिकवर चुकीचे आकडे भरल्याने मार्ग सोडून गेलेले एक विमान दुसऱ्या विमानाच्या शंभर फुटांच्या आत आले. दोहोंत मिळून सुमारे सहाशे माणसे होती. दैव बलवत्तर म्हणून टक्कर टळली.

आता एका वैमानिकाने भरलेले आकडे दुसरा स्वतंत्रपणे वाचून पाहतो. बिंदू ओलांडल्यावर सुमारे दहा मिनिटांनी विमानाचे स्थान नकाशावर ताडून पाहिले जाते. २०१९ पासून उत्तर अटलांटिकवरील विमानांचे स्थान उपग्रहांकडून काही सेकंदांच्या अंतराने नियंत्रकांना कळू लागले आहे.

या अचूकतेतून मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. पूर्वी एका मार्गावरील विमाने थोडी इकडेतिकडे असत. आता ती नेमकी एकाच रेषेवर, एकमेकांच्या वर-खाली येतात. त्यांपैकी एखाद्याची उंची चुकली, तर टक्कर व्हायची. म्हणून समुद्रावरील बऱ्याच मार्गांवर वैमानिक मुद्दामच आपल्या रेषेच्या उजवीकडे एक-दोन सागरी मैल सरकून विमान नेतात.