तात्पुरत्या हुकमावर चालणारी वकिली

छोट्या इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तंत्राचं पेटंट पुण्याच्या बजाज ऑटोकडे होतं. २००७मध्ये टीव्हीएसने 'फ्लेम' ही मोटरसायकल जाहीर केली. तिच्यातही दोन प्लग. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. २००८मध्ये एकल न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली, २००९मध्ये खंडपीठाने ती उठवली, मग सर्वोच्च न्यायालय. आणि एवढं होऊनही पेटंटचा भंग झाला की नाही, या मूळ प्रश्नावर कुणी अंतिम निकाल दिला नव्हता! भांडण चाललं होतं ते तात्पुरत्या मनाईहुकमावरून. असे दावे रोजच्या रोज चालवा, साधारणपणे चार महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. शेवटी २०१९मध्ये दोघांनी तडजोड केली.

बौद्धिक संपदेच्या खटल्यांत करिअर करू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं. साक्षीपुराव्याची पाळी येईपर्यंत बाजारच बदललेला असतो, म्हणून वकिलाची खरी कसोटी पहिल्या अर्जात लागते. प्रथमदर्शनी हक्क दिसतो का, गैरसोय कुणाची जास्त, नुकसान पुढे पैशाने भरून निघेल का, हे कागदांवरूनच पटवायचं. त्यासाठी कंपनीच्या इंजिनिअरकडून ते यंत्र आधी आपण समजून घ्यायचं, मग न्यायाधीशांना समजावायचं. अशिलाने नक्कल माहीत असूनही दोन वर्षं गप्प बसून काढली असतील, तर उत्तम युक्तिवादही लंगडा पडतो.

ट्रेडमार्कचे दावे सोपे वाटतात. ते तसे नसतात. 'फॅल्सिगो' आणि 'फॅल्सिटॅब' या मलेरियावरच्या औषधांच्या नावांवरून दोन कॅडिला कंपन्या भांडल्या, तेव्हा २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या नावांना अधिक कडक कसोटी लावायला सांगितलं. नावातला घोटाळा इथे जिवावर बेतू शकतो. मुंबई उच्च न्यायालयात तर हुकूम मिळाला, की कोर्ट रिसीव्हर या न्यायालयाच्या अधिकाऱ्यासोबत गोदामावर जाऊन बनावट माल सील करून घेण्याचं कामही नवख्या वकिलाच्या वाट्याला येतं.

विज्ञानाची पदवी हवीच का? पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. कोर्टात पेटंटचा दावा लढवायला वकिलीची सनद पुरते. बौद्धिक संपदेच्या डिप्लोमाचा मात्र उगाच गवगवा होतो. फी भरण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेतली ऑर्डर ३९ नीट वाचा. मनाईहुकमाचे नियम तिथे आहेत.