बर्फखान्याचे गणित

छाणीसारख्या गावात आज बर्फ म्हणजे विजेचा प्रश्न. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तो इमारतीचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मुंबईच्या फोर्टात उभे होते. आज जिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी बर्फखाना होता. त्यात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ साठवत. 1833 मध्ये बोस्टनहून निघालेल्या 'टस्कनी' जहाजात 180 टन बर्फ होता. चार महिन्यांनी, उष्ण कटिबंध ओलांडून, त्यातला सुमारे 100 टन कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी मुंबईची पाळी आली.

बर्फखाना थंडी तयार करत नसे. तो फक्त उष्णता अडवत असे. लाकडाचा भुसा, जाड भिंती आणि वितळलेले पाणी लगेच बाहेर काढणारी मोरी एवढाच त्याचा सरंजाम. भुसा भिजला की निकामी, म्हणून मोरी भिंतीइतकीच महत्त्वाची. खरा रखवालदार मात्र ढिगाचा आकार. ढिगाची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की बर्फ आठपट होतो, पण उष्णता शिरते तो पृष्ठभाग चौपटच वाढतो. लाद्या चौकोनी कापून फटी न ठेवता रचत, त्याचेही कारण हेच. म्हणून माझे म्हणणे असे की, बर्फखाना सार्वजनिक झाला तो परोपकारापोटी नव्हे, भूमितीपोटी. एकट्या धनिकाची छोटी कोठी लवकर रिकामी होणार. मोठा ढीग हवा तर गिऱ्हाइकेही शेकड्यांनी हवीत. ती बंदराच्या शहरात मिळत, छाणीसारख्या गावात नाही.

मोगल बादशहांकडे हिमालयाचा बर्फ येतच होता, असे कोणी म्हणेल. येत होता, पण वाटेतली नासाडी सोसायला तिथे साम्राज्याचा खजिना होता. मुंबईत बर्फ मुख्यतः बड्यांच्याच ताटात गेला, हा आक्षेपही खरा. जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम आले, आणि पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात गाजली! तरीही बड्यांनाही बर्फ मिळाला तो सामाईक कोठारातूनच.

कृत्रिम बर्फाचे कारखाने आले, तसे ढिगाचे महत्त्व संपले. मद्रासचा 1842 च्या सुमाराचा बर्फखाना मात्र आजही 'विवेकानंद हाऊस' म्हणून उभा आहे. एका वकिलाने तो राहण्यासाठी घेतला, तेव्हा बर्फाला पोसणाऱ्या त्या बंद भिंतींना माणसांसाठी खिडक्या पाडाव्या लागल्या आणि व्हरांडे जोडावे लागले.