अमेरिकेतील उमेदवारी आणि तिचा परवाना

आपल्या व्यापारी बांधवांची मुले उच्च शिक्षणार्थ अमेरिकेस जातात आणि शिकत असताच एखाद्या कंपनीत उमेदवारी मिळाली की इकडे घरी पेढे वाटले जातात. कंपनीचे पत्र हाती आले म्हणजे काम करण्याचा अधिकार मिळाला, असा समज आम्हांस अनेक घरी आढळतो. तो घातक आहे.

'एफ-१' व्हिसावरील विद्यार्थ्यास अशा उमेदवारीसाठी 'सीपीटी' ही परवानगी लागते. विद्यापीठाचा नियुक्त अधिकारी ती देतो. काम अभ्यासक्रमाचे अंग असावे लागते आणि सामान्यतः आधी एक शैक्षणिक वर्ष पुरे झालेले असावे लागते. काही पदव्युत्तर अभ्यासक्रमांस यातून सूट आहे. परवानगी त्याच मालकापुरती व त्याच तारखांपुरती. आमच्या वडिलांच्या काळी धान्याच्या झोनबंदीत सौदा पक्का झाला तरी परवान्यावाचून गाडी नाका ओलांडीत नसे, तसेच हे होय. एक दिवस आधी कामास लागला, तरी मुलाचा विद्यार्थी म्हणून दर्जा धोक्यात येतो.

खरी मेख पुढेच आहे. पूर्णवेळ, म्हणजे आठवड्यास २० तासांहून अधिक, सीपीटीचे १२ महिने भरले की त्या पदवीनंतरची १२ महिन्यांची 'ओपीटी' बुडते. विज्ञान-तंत्रशास्त्राच्या पदवीधरांस तीवर मिळणारी २४ महिन्यांची वाढही मग उरत नाही. अर्धवेळ काम या मोजणीत येत नाही. अकराव्या महिन्यास हात आवरणारा मुलगा आम्ही हिशेबी म्हणू.

पालकांनी कंपनीच्या पत्राबरोबर 'आय-२०' दाखल्याच्या दुसऱ्या पानाची प्रतही मागवावी. मालकाचे नाव व तारखा तेथेच असतात.