बुरशी लागलेले धान्य : समज आणि गैरसमज



पावसाळ्यात पोत्याचे तोंड सोडले, की कुबट वास नाकात शिरतो. मग घरात कोणीतरी म्हणते, "थोडी बुरशी आहे, धुऊन घेऊ. आजवर हेच खात आलो की!" पण यात काही गैरसमज आहेत. ते एकेक पाहू.

'धुतले, की धान्य चांगले.' तसे नाही. भुईमूग व मका यांवर वाढणारी पिवळसर-हिरवी बुरशी दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडते. वरची बुरशी पुसली जाते, आतले विष राहते.

'शिजवले, भाजले, की विष मरते.' बुरशी मरते. विष मात्र चुलीच्या आचेला पुरते नष्ट होत नाही.

'माणसाला नको, तर गुरांना घाला.' गुराकोंबड्यांच्या काळजालाही, म्हणजे यकृतालाही, ते बाधते. शिवाय दुभत्या जनावराच्या दुधातून ते आपल्याच पोरांच्या पेल्यात येते. बुरशीच्या शेंगांची पेंडही म्हणूनच घातक.

'पेनिसिलीन बुरशीचेच, मग बुरशीने काय होते?' ते औषध ठराविक बुरशीपासून काढून, शुद्ध करून देतात. कणगीतली बुरशी म्हणजे औषध नव्हे.

ही नुसती भीती नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मग करावे काय?

- शेंगा कडक वाळवा. हलवल्यावर दाणे खुळखुळले पाहिजेत. दाण्यात ओलावा ८ टक्क्यांवर नको.
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.
- फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे निवडून पुरून टाका. सगळ्याच पोत्याला बुरशी असेल, तर ते खाऊ नका.
- निवडताना नाकातोंडाला फडके बांधा. दमेकऱ्याला या कामाला बसवू नका.
- ओल आलेल्या भिंतीला नुसता चुना फासू नका. आधी गळती बंद करा.

कष्टाचे दाणे टाकताना जीव हळहळतो, हे खरे. पण सुगीतच दोन उन्हे जास्त दिली, तर ती वेळ सहसा येत नाही. शेजाऱ्यालाही हे सांगा.