पाणी कुठे मुरते?

धंद्यात पैसा उरेनासा झाला की आपण पहिली कात्री कुठे लावतो? दुकानदार एक दिवा बंद करतो. कारखानदार कामावरच्या पोरांचा दुपारचा चहा कमी करतो. गोठेवाला पेंडीचे माप आखडते घेतो. हे खर्च रोज डोळ्यांसमोर असतात, खिशातून जाताना दिसतात, म्हणून टोचतात. पण ज्याचे बिल येत नाही, ज्याची पावती फाटत नाही, असा खर्च वहीत चढतच नाही. लहान धंद्यांच्या वह्या पाहणे हे माझे काम. आणि नेमका हा न चढलेला खर्चच बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा असतो, असे मला दिसत आले आहे. हिशेब जुळत नसला की आपल्याकडे म्हणतात, पाणी कुठेतरी मुरते आहे. आज ज्या गावाच्या आधाराने हा विषय मांडायचा आहे, त्या गावाने पाणी मुद्दाम मुरवले आणि खर्च कमी केला.

गाव म्हणजे राळेगणसिद्धी. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, तालुका पारनेर. पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटरचा आणि तोही बेभरवशाचा. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून परतले तेव्हा हे गाव दुष्काळ, दारूभट्ट्या आणि कर्ज यांत बुडालेले होते. पुढची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार, श्रमदान, दारूबंदी, नालाबंडिंग, झाडे, १९९० मधली पद्मश्री आणि १९९२ मधली पद्मभूषण. ती एका माणसाची आणि गावाच्या निष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून शिक्षा करण्याची तिथली जुनी पद्धत मला कधीच पटली नाही, हेही सांगून टाकतो. पण मला आज या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहायचे आहे. दोन-तीन एकर जमीन आणि चार गाई हा एक लहान धंदाच आहे. अशा धंद्यांच्या चालू खर्चाचे तिथे काय झाले?

आधी विहीर. गावचा पाझर तलाव गळका होता. लोकांनी तो दुरुस्त केला, ओढ्या-नाल्यांवर बांध घातले, उतारावर चर खणले. पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत गेले आणि खालच्या विहिरींची पातळी वर आली. पाणी वाढले, म्हणून पीक वाढले, एवढेच आपण यातून घेतो. पण पाणी वर येणे म्हणजे खर्च खाली जाणे, ही गोष्ट क्वचितच कोणी मांडतो.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, कारण आकडे कानावरून निसटतात. एक हजार लिटर पाणी दहा मीटर वर उचलायला आपल्याकडच्या साधारण पंपाला सुमारे ०.०७ युनिट वीज लागते. पाणी तीस मीटर खोल असेल तर तिप्पट, म्हणजे ०.२१ युनिट. आता कांद्याचा एक एकर घ्या. पाटाने पाणी दिले तर एका पाळीला ढोबळ मानाने दोन लाख लिटर जाते. दहा मीटरवरून ते १४ युनिटांत येते, तीस मीटरवरून ४२ युनिट लागतात. दहा पाळ्या दिल्या तर एकीकडे १४० आणि दुसरीकडे ४२० युनिट. पीक तेच, माणूस तोच, बाजारभावही तोच.

कोणी म्हणेल, आता वीज फुकट आहे, मग युनिट कशाला मोजायचे? खरे आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. त्याआधीही अनेकांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी होती, म्हणजे खोलीचा फरक बिलात दिसतच नव्हता. इथेच आपली फसगत होते. पाच अश्वशक्तीची मोटर जे १४ युनिटांचे काम सव्वातीन तासांत उरकते, त्याच मापाने ४२ युनिटांना पावणेदहा तास लागतात. शेतीला दिवसाची वीज आठ तासांच्या पाळीने मिळत आली आहे. म्हणजे एक एकराचे भरणे एका दिवसात संपत नाही. दारे धरणारा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो, किंवा रात्री विंचूकाट्यात उभा राहतो. मोटर तिप्पट वेळ चालते, म्हणून लवकर जळते. रिवाइंडिंगचे पैसे कोणी सरकार देत नाही. पाइप जास्त, केबल जास्त, मोटर वर काढायची मजुरी जास्त. वीज फुकट झाली तरी खोली फुकट झालेली नाही.

रात्रीच्या भरण्यावरचा एक उपायही याच गावाशी जोडलेला आहे. शेतीच्या वीजवाहिनीला सौर प्रकल्पातून दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तेव्हा पथदर्शी प्रकल्पासाठी राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही गावे निवडली गेली. दिवसा वीज म्हणजे माणसाची रात्र वाचली. पण पाण्याची पातळी सौर पॅनल वर आणत नाही. ते काम बांधांचेच.

पाण्याबरोबर आला भांडवलाचा प्रश्न. प्रत्येकाने आपापली विहीर, आपापली मोटर, आपापली पाइपलाइन करायची म्हटली तर दोन एकरवाल्याचा धंदा सुरू होण्याआधीच कर्जात जातो. राळेगणमध्ये शेजारी-शेजारी जमीन असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून सामुदायिक विहिरी केल्या. यामागे पुरंदर तालुक्यातल्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचा धडा होता. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर घरातल्या माणसांवर ठरे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर आणि उसाला पाणी नाही. योजनेच्या भांडवलातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः घालायचा. राळेगणनेही ऊस टाळला, कमी पाण्याची पिके घेतली. एखाद्याला हे त्यागाचे वाटेल. मला त्यात व्यवहार दिसतो. जे यंत्र दिवसातले तीन तास चालते आणि एकवीस तास पडून असते, ते एकट्याने विकत घेणे हीच उधळपट्टी. शहरातल्या दोन छापखान्यांनी मिळून एक कटिंग मशीन ठेवले तर हाच हिशेब लागू पडतो. अडचण एकच, भागीदारीतल्या यंत्राची पाळी कोणाची आणि दुरुस्ती कोणाची हे आधी लिहून ठेवावे लागते. नाहीतर वाचलेले पैसे भांडणात जातात.

आता गोठ्याकडे येऊ. राळेगणच्या पंचसूत्रीत नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान यांच्याबरोबर चराईबंदी आहे. गुरे मोकळी सोडायची नाहीत, चारा कापून आणून दावणीला घालायचा. वरवर पाहता ही खर्चवाढ आहे. फुकट चरणारे जनावर बांधले, कापणीची मजुरी वाढली. पण मोकळी चराई फुकट नव्हतीच. तिचे पैसे डोंगर भरत होता. गवताचे मूळ गेले की माती जाई, माती गेली की पाणी थांबत नसे, आणि तो तोटा शेवटी विहिरीच्या खोलीत जमा होई. शिवाय चारा हाताने आणून घालायचा म्हटल्यावर माणूस आपोआप मोजू लागतो: हे जनावर खाते किती आणि देते किती?

मोजणे सुरू झाले की खरी गंमत कळते. दुधाच्या धंद्यातला साठ-सत्तर टक्के खर्च चारा आणि खुराकाचा असतो. म्हणून दूध परवडेना झाले की पहिली कात्री खुराकावर चालते आणि गाय त्याचे उत्तर बादलीत देते. खाद्य कमी करण्याआधी वाया किती जाते ते बघा. अख्खा कडबा टाकला तर जनावर पाला खाते, बुडखा तुडवते. चतकोर हिस्सा तरी शेणात जातो. कुट्टी केली तर तो पोटात जातो. पावसाळ्यात स्वस्त असलेल्या हिरव्या मक्याचा मुरघास करून ठेवला, तर उन्हाळ्यात दुप्पट भावाने चारा घ्यावा लागत नाही. या गोष्टी आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. ज्याकडे फारच थोडे लक्ष देतात तो खर्च वेगळाच आहे, आणि तो आहे भाकड दिवसांचा.

गाय साधारण तेरा महिन्यांनी व्यायला हवी. समजा, ती पंधरा महिन्यांनी व्याली. म्हणजे साठ दिवस जास्त भाकड राहिली. भाकड गाय दिवसाला १५० रुपयांचे खाते असे धरा. साठ दिवसांचे झाले ९,००० रुपये. तिचे एका वेताचे दूध ३,००० लिटर असेल, तर प्रत्येक लिटरवर तीन रुपये चढले. दूधदर एका रुपयाने पडला की आपण रस्त्यावर दूध ओततो, आणि तो राग खोटा नाही. दर उत्पादकाच्या हातात नाही. २०२४ मध्ये भाव इतके पडले होते की राज्य सरकारला गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावे लागले. पण हे तीन रुपये आपल्याच गोठ्यात जात असतात आणि त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण त्यांचे बिल येत नाही.

हे दिवस वाचवायला काय लागते? माज ओळखणारी नजर. गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते. एक माज चुकला की एकवीस दिवसांचे खाणे, वरच्या हिशेबाने ३,१५० रुपये, गेले. काही गाई हंबरत नाहीत, मुका माज दाखवतात. पहाटे आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटे नुसते गोठ्यात उभे राहून बघावे लागते. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. भिंतीवर एक कॅलेंडर आणि त्यावर प्रत्येक गाईच्या नावाने खूण, एवढेच साहित्य. घरातल्या बाईमाणसाला हे सर्वांत आधी कळते, पण तिला कोणी विचारत नाही. हाही न लिहिलेला तोटाच. आणि याच गोठ्यात खनिज मिश्रण आणि लाळ्या-खुरकूतची लस यांवर काटकसर करणारे भेटतात. जनावराच्या अंगात खनिजे कमी पडली की माज लांबतो. म्हणजे मिश्रणाच्या पुड्यावर वाचवलेले पैसे भाकड दिवसांत व्याजासह परत जातात.

शेणाचेही तसेच. राळेगणमध्ये गोबरगॅस संयंत्रे घरोघरी झाली, काही संडासांनाही जोडली. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरांचे. त्यातून चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. घरगुती सिलिंडरच्या भाषेत सांगायचे तर साधारण सतरा दिवसांत एक. स्लरी खत म्हणून शेतात जाते ती वेगळी. मात्र रोज शेण कालवायचा कंटाळा असेल तर बांधू नका. बंद पडलेल्या संयंत्राचा हप्ता चालूच राहतो.

व्याज हा चालू खर्च आहे, हे तर कितीतरी वह्यांमध्ये मला दिसतच नाही. ‘शेकडा तीन’ ऐकायला सोपे वाटते. ते महिन्याचे असते, वर्षाचे छत्तीस होते. पेंडीचे पोते रोखीने घेतले तर एक भाव, उधारीवर घेतले तर दुसरा, आणि त्या फरकाला आपण ‘भाव’ म्हणतो; ते व्याज असते. राळेगणने देवळाच्या आधाराने धान्य बँक काढली. सुगीत ज्याच्याकडे जास्त त्याने धान्य जमा करायचे, अडलेल्याने न्यायचे आणि पुढच्या सुगीला थोडे वाढवून परत करायचे. सामुदायिक विवाह सुरू झाले. याला समाजसुधारणा म्हणतात आणि ती आहेच. पण हिशेबाच्या वहीत पाहिले तर घरचा खर्च सावकाराकडे गेला नाही, म्हणून बियाण्याचे आणि पेंडीचे खेळते भांडवल धंद्यात शिल्लक राहिले. लहान धंदा अनेकदा धंद्यातल्या तोट्याने बुडत नाही. गल्ल्यातले पैसे लग्नाला जातात आणि माल उधारीवर येतो, तिथे तो बुडू लागतो.

गावात राहत नसाल तर काय? पिठाच्या गिरणीचे उदाहरण घ्या. मालक विजेचा दर वाढला म्हणून चिंतेत असतो. पण बोथट दगडाची चक्की तेवढ्याच दळणाला जास्त वेळ फिरते, सैल पट्टा घसरतो, आणि गिऱ्हाईक येईल तसे दळण घातल्याने मोटर दिवसभर अर्धवट भारावर सुरू-बंद होते. दगडाला टाकी लावण्याचे पैसे वहीत दिसतात. न लावल्याचे दिसत नाहीत. आठवडाभर रोज किती किलो दळले आणि मीटर किती पुढे गेला, हे दोन आकडे लिहिले की दहा किलोला किती युनिट ते कळते. पुढच्या महिन्यात तोच आकडा वाढला तर दगडाकडे बघायचे.

गिरणीवाला हे एकट्याने करू शकतो, गोठेवालाही माज एकट्याने पाहू शकतो. विहिरीचे तसे नाही. तुम्ही बांध घाला, ठिबक लावा; शेजाऱ्याने तीनशे फुटांची बोअर घेतली की तुमची बचत त्याच्या पाइपातून वर येते. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने, पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतरच्या काळात, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि ऊस-केळी टाळली. पाऊस संपला की तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: पडले किती, मुरले किती, माणसांना आणि जनावरांना किती लागेल. तेवढे बाजूला काढून उरले त्यावर रब्बीला काय आणि किती पेरायचे ते ठरते, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी पेराही कमी होतो.