उसाच्या बांधावरची घोरपड

पळता पळता श्वास घेण्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. बहुतेक सरड्यांना मात्र ते जमत नाही. सरडा पळतो तेव्हा त्याचं अंग एकदा डावीकडे वाकतं, एकदा उजवीकडे. बरगड्यांमधल्या ज्या स्नायूंनी छाती फुगवायची, तेच स्नायू अंग वाकवण्यात गुंतलेले असतात. म्हणून जोरात पळायचं तर श्वास आखडायचा, आणि श्वास हवा असेल तर थांबायचं. कुंपणावरचा सरडा दोन हात पळून का थांबतो, याचा एक उलगडा हा आहे. डेव्हिड कॅरियर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९८७ साली ही अडचण नेमकी मांडली. तेव्हापासून शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न उभा राहिला: घोरपडीचं काय? तीही याच कुळातली. तीही तशीच अंग वळवत चालते. आणि तरीही ती दमत नाही.

भीमा आणि घोड या नद्यांच्या मुलखात, म्हणजे शिरूर आणि दौंड तालुक्यांत, हा प्राणी आपल्या इतका जवळ राहतो की त्याच्याकडे निवांत बघायचं राहूनच जातं. शिरूरकडे उसात काही हललं की पहिला विचार बिबट्याचा येतो, आणि गेल्या काही वर्षांत तिथल्या घरांनी बिबट्याच्या हल्ल्यांत जे सोसलं आहे ते पाहता तो यायलाच हवा. पण त्याच उसाच्या बांधावर, दगडी तालीच्या फटीत, जुन्या बाभळीच्या ढोलीत, पडक्या विहिरीच्या कपारीत आपला सर्वांत मोठा सरडा ऊन खात पडलेला असतो. पूर्ण वाढलेली घोरपड पावणेदोन मीटरपर्यंत भरते. त्यात निम्म्याहून अधिक शेपटीच असते. कुकडीच्या काठी, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये पाण्याने कोरलेले रांजणखळगे बघायला लोक लांबून येतात. तसल्याच काळ्या बसाल्टवर घोरपड अंग पसरून बसली, तर दहा पावलांवरूनही दिसत नाही, इतका तिचा रंग दगडाला मिळून जातो.

तर श्वासाचं कोडं. १९९९ साली संशोधकांनी आफ्रिकेतल्या सव्हाना घोरपडीला सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि क्ष-किरणांनी तिच्या शरीराच्या आत काय चाललंय याचं चित्रण केलं. छातीचे स्नायू चालण्यात अडकलेले, हे खरंच होतं. पण घोरपड गळा वापरत होती. ती गळ्याखालची पिशवी हवेने भरते आणि मग ती आवळून हवा जोराने फुप्फुसांत ढकलते, लोहाराच्या भात्यासारखी. मग संशोधकांनी तिचं तोंड उघडं राहील अशी व्यवस्था केली. भाता बंद पडला, आणि चालताना तिला मिळणारा प्राणवायू घटला. छातीवरचं ओझं घोरपडीने गळ्याकडे सोपवलं होतं. यापुढे कधी घोरपड दिसली तर तिच्या गळ्याकडे बघा. तो हलत असतो. आपण ते रागाने फुगणं समजतो. चिडली की ती गळा फुगवते हेही खरं, पण एरवी तो गळा तिच्या दुसऱ्या छातीचं काम करत असतो.

गोष्ट इथे संपत नाही. आपण श्वास घेतो तेव्हा हवा फुप्फुसात जाते आणि त्याच वाटेने परत येते. पक्ष्यांचं तसं नसतं. त्यांच्या फुप्फुसातल्या नळ्यांमधून हवा श्वास घेताना आणि सोडताना एकाच दिशेने वाहते, आणि उंचावर उडताना त्यांना याचा मोठा उपयोग होतो, असं मानलं जात होतं. हे वैशिष्ट्य फक्त पक्ष्यांचं, अशी समजूत होती. २०१० साली यूटा विद्यापीठाच्या कॉलीन फार्मर यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटर मगरीच्या फुप्फुसातही हवा एकाच दिशेने वाहते. चिखलात तासन्‌तास पडून राहणारा प्राणी, आणि फुप्फुस पक्ष्याच्या धर्तीचं. चार वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच गटाने सव्हाना घोरपडीतही तेच दाखवलं.

मला यातलं सगळ्यात विलक्षण हे वाटतं. दौंडच्या शेजारी भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पुण्याहून गाड्याच्या गाड्या त्यांना बघायला येतात. पाण्यावर रोहित, काठाच्या दगडांत घोरपड. दोघांच्याही शरीरात हवा एकेरी वाटेने फिरते. पक्षी आणि मगरी एका मोठ्या शाखेचे, सरडे-घोरपडी दुसरीच्या. या दोन शाखांचा समान पूर्वज २५ कोटी वर्षांहूनही मागचा, डायनोसॉरच्याही आधीचा. म्हणजे एक तर ही रचना तेवढी जुनी आहे, नाही तर निसर्गाने ती दोनदा घडवली. यातलं काहीही खरं निघालं, तरी बांधावरच्या त्या खरबरीत प्राण्याकडे बघण्याची नजर बदलते.

आता जिभेकडे. घोरपडीची जीभ लांब आणि टोकाला दुभंगलेली असते, सापासारखी. ती चव घेण्यापेक्षा वास गोळा करण्यासाठी बाहेर येते. दोन टोकांवर हवेतले आणि जमिनीवरचे गंधाचे कण चिकटतात, आणि जीभ आत गेली की टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत ते पोचतात. उजव्या टोकावर वास जास्त, डाव्यावर कमी, तर भक्ष्य उजवीकडे गेलं. दोन कानांनी आपल्याला आवाजाची दिशा कळते. तिला दोन टोकांनी वासाची कळते. डोक्यावर मधोमध, कवटीतल्या बारीक छिद्राखाली, घोरपडींच्या कुळात आणखी एक इंद्रिय असतं. त्याला तिसरा डोळा म्हणतात. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. त्यांच्या एका नामशेष नातेवाइकाला, सॅनिवाला, डोक्यावर असे दोन डोळे होते, हे २०१८ साली त्याच्या जीवाश्मावरून समोर आलं. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा, एकूण चार डोळ्यांचा सरडा.

या सगळ्या साधनांनिशी ती शोधते काय? वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकी सरीसृपशास्त्रज्ञाने आधी कोमोडो ड्रॅगनवर मोठं काम केलं आणि मग आपल्या घोरपडीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९९४ साली निघाला. एवढा मोठा प्राणी खातो ते मुख्यतः किडे, आणि त्यांतही भुंगेरे सर्वाधिक, असं त्यातून दिसतं. जोडीला गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी, साप, आणि मेलेलं जनावरही. शेण उकरून, पाचट उलटून, ओली माती नखांनी खणून ती भुंगेरे आणि अळ्या काढते. दौंड-शिरूरच्या ऊस उत्पादकाला हुमणी काय चीज आहे हे सांगायला नको. मुळं खाऊन उभा ऊस वाळवणारी ती पांढरी अळी भुंगेऱ्याचीच. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. घोरपड पाळली की हुमणी संपेल, असा दावा कुणी करू नये. पण आपल्या शेतातल्या मातीत कुणाचं जेवण आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

ती कोंबडीची अंडी खाते आणि पिल्लंही उचलते. ज्याच्या परसातली पिल्लं गेली त्याला भुंगेऱ्यांचा हिशोब सांगणं बरं नव्हे. त्याचं नुकसान खरं आहे. खुराड्याची जाळी बारीक हवी आणि वीतभर जमिनीत गाडलेली हवी, कारण घोरपड जाळी तोडत नाही, खालून उकरते. माणसावर ती चालून येत नाही. कोंडीत सापडली की फूत्कारते, अंग फुगवते, शेपटीचा फटका देते, आणि हात लावलाच तर कडकडून चावते. चावलीच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन दवाखाना गाठायचा.

घोरपडीचं नाव काढलं की आपल्याकडे सिंहगड येतोच. १६७० सालच्या त्या रात्री तानाजीने यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा पोवाड्यांनी घरोघर नेली. इतिहास म्हणून तिला आधार नाही. घोरपडीची नखं कपारीत घट्ट रुततात हे मात्र लोकांनी बरोबर हेरलं होतं. बिळात अंग फुगवून बसलेल्या घोरपडीला शेपटीला धरून ओढलं तरी ती सहज निघत नाही. पण त्याच कथेमुळे घोरपड म्हणजे कडा चढायचं साधन, एवढंच डोक्यात राहतं. मला त्या कथेपेक्षा तिच्या अंड्यांची गोष्ट मोठी वाटते.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हा तिच्या विणीचा हंगाम. मादी जमिनीत तिरकं बीळ खणते, कधी वारुळातही. त्यात वीसएक अंडी घालते, वर माती लोटते, आणि मग आजूबाजूला आणखी खड्डे उकरून ठेवते, अंडी शोधणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून. त्यानंतर ती निघून जाते. अंड्यांना फुटायला साधारण साडेपाच ते साडेआठ महिने लागतात. कोंबडीला २१ दिवस पुरतात, हे मनात ठेवून हा आकडा पुन्हा वाचा. पावसाळा संपतो, थंडी जाते, ऊस तुटतो, खोडवा फुटतो, शिमगा होतो, आणि मातीखाली तो जीव अजून तयार होतच असतो. वारूळ मिळालं तर त्याची सोय चांगली, कारण वाळवी आपल्या घरातली ऊब आणि ओल फारशी बदलू देत नाही. आफ्रिकेतल्या नाईल घोरपडीने वारूळ फोडून अंडी घातली, तर वाळवी ते भगदाड स्वतःच बुजवते. अंडी जणू कुलूपबंद होतात.

श्रावणात नागपंचमीला आपल्याकडे बायका वारुळाला जातात, आणि त्या दिवशी नांगरायचं नाही, खणायचं नाही, असा जुना नेम आहे. तो दिवस नेमका घोरपडीच्या विणीच्या हंगामात येतो. नेम तिच्यासाठी केला असेल असं मी म्हणत नाही; पण माणूस आणि घोरपड यांची इथली सोबत जुनी आहे. घोडकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. त्या गावाभोवतीच्या वारुळांतही घोरपडी असणार, असं मला मनापासून वाटतं. इतका काळ एकाच मातीत सोबत राहिलेल्या दोन जिवांच्या सवयी कुठेतरी एकमेकींना लागून जात असतील.

आपल्याकडून तिला मिळालं ते फारसं चांगलं नाही. सांधेदुखीवर म्हणून तिचं तेल विकलं जातं, मांसाला ताकदीचं म्हणतात. दोन्हीला आधार नाही. गोव्यात घुमट या मातीच्या वाद्यावर पूर्वी तिचंच कातडं ताणत. आता बकऱ्याचं चामडं चढतं आणि वाद्य वाजतंच आहे. सर्वांत क्रूर फसवणूक हत्ताजोडीची. लक्ष्मी यावी म्हणून शेंदूर लावून डबीत ठेवायची, दोन जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ‘मुळी’ बाजारात विकली जाते. ती मुळी नसते. घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय कापून, वाळवून ते विकलेलं असतं. २०१७ मध्ये हा व्यापार जगासमोर उघडा पडला. ज्या देवघरात अंडंसुद्धा चालत नाही तिथे ही वस्तू पूजेत बसते. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच दर्जाचं संरक्षण. शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

घोरपडीसोबत राहणं किती सोपं आहे हे कळायला मगरींकडे बघा. सांगलीकडे कृष्णाकाठी, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात, लोक मगरींबरोबर राहतात. तिथे पाण्यात उतरण्याआधी विचार करावा लागतो, आणि माणसं दगावलीही आहेत. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात पौषात चिखलाची मगर घडवून पुजतात. तिला मांगे थापणी म्हणतात. त्या सहवासात भीतीही खरी आणि आदरही खरा. घोरपडीबरोबर राहायला यातलं काहीच लागत नाही. तिच्यासाठी नदीकाठ सोडावा लागत नाही, मूल घरात कोंडावं लागत नाही.

लागतो तो बांध. गेल्या काही वर्षांत जेसीबी लावून बांध सपाट करणं, ताली मोडून शेत चौकोनी करणं, वारूळ फोडणं, पाचट पेटवणं सर्रास चालतं. ही कामं बहुतेक थंडीत आणि उन्हाळ्यात होतात, आणि नेमकी तेव्हाच अंडी मातीत असतात. मग पिल्लं बाहेर पडतात. अंगावर ठिपके-पट्टे, आणि बराचसा वेळ झाडावर. म्हणून बांधाची साफसफाई करायचीच असेल, तर वारूळ आणि त्याभोवतीची दोन-तीन हात जागा तेवढी वगळावी. बिनकठड्याच्या विहिरीत जाड दोरखंड किंवा खरबरीत फळी पाण्यापर्यंत सोडून ठेवावी. पडलेली घोरपड तिला धरून वर येते. घरात किंवा गोठ्यात शिरली तर दार उघडं ठेवून बाजूला व्हावं, आणि तरी निघाली नाही तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.